गच्चीवरची तार आणि घरातली हाक

ज्या घराच्या गच्चीवर वाळवणाच्या दोरीशेजारीच तांब्याची एक लांबलचक तार दोन बांबूंच्या आधाराने ताणून बांधलेली असते, आणि पापड-कुरडयांच्या ऐन हंगामातही तिच्यावर कोणी ओला पंचा टाकू नये अशी सक्त ताकीद असते, त्या घरात हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, व्यासंग नांदतो आहे असे खुशाल समजावे. ही तार मापानेच तोडावी लागते. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायचे तर ती तरंगलांबीच्या निम्मी, सुमारे वीस मीटर, हवी, आणि एवढी मोकळी जागा शहरातल्या घरावर मिळवणे हे परवाना मिळवण्याहून दुर्घट. परवान्यासाठी निदान रीतसर परीक्षा तरी आहे. संचार मंत्रालयाची ती परीक्षा उत्तीर्ण होऊन ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे आवाहनचिन्ह, म्हणजे आपली आकाशातली सनद, एकदा हाती पडली, की सरकारदरबारची रुजुवात संपते. घरच्या दरबारातली मात्र तेव्हा कोठे सुरू होते.

या छंदापायी संसारात जे खटके उडतात त्यांचे मूळ बहुधा खर्चात शोधले जाते. खर्च होतो, यात शंका नाही; परंतु माझ्या मते खरे मूळ जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आहे. तेथे दिवसा सूर्यकिरणांनी आयनांबराचा जो ‘डी’ नावाचा थर निर्माण होतो, तो लघुलहरींपैकी कमी वारंवारतेचे तरंग शोषून टाकतो, त्यामुळे चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दिवसभर फार तर जवळपासच्या प्रांतांतली मंडळी ऐकू येतात. सूर्य अस्ताला गेला की हा थर पाहता पाहता विरून जातो, पण त्याच्या कितीतरी वरचा, दोनशे किलोमीटरांपलीकडचा ‘एफ’ थर शाबूत राहतो, आणि त्याच्यावरून परावर्तित झालेले तरंग युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचू लागतात. सकाळी व संध्याकाळी, उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर, हे दळणवळण विशेष बहरते. निसर्गाने हा मुहूर्त मुक्रर करताना देवापुढे दिवा लावण्याची, कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची, मुलांचा अभ्यास घेण्याची आणि पहाटे डबे भरण्याची वेळही तीच आहे, याची चौकशी केलेली दिसत नाही. ब्राझीलचा एखादा गृहस्थ क्षीण आवाजात साद घालू लागतो नेमका तेव्हाच आतून ‘अहो, जरा गॅस बंद करता का?’ असा प्रश्न येतो. आणि ब्राझील पुन्हा लागेल की नाही याची शाश्वती नसते, गॅसची मात्र असते, असा हिशेब मनाशी करून गृहस्थ कानांवरचे हेडफोन काढत नाही.

व्यासंगी नेहमी पतीच असतो असे मात्र नाही. २००४ च्या डिसेंबरात अंदमानातून प्रसारण करण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद या हॅम भगिनी २६ तारखेच्या सुनामीच्या वेळी तेथेच होत्या, आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला असता त्यांच्या यंत्राने कित्येक कुटुंबांना आप्तांचे कुशल कळवले. पतिपत्नी दोघेही परवानाधारक असल्याची दाखल्यादाखल सांगता येणारी जोडी म्हणजे राजीव आणि सोनिया गांधी. त्यांची आवाहनचिन्हे अनुक्रमे व्हीयू२आरजी आणि व्हीयू२एसओएन. तेव्हा दोघांनी एकच छंद धरावा म्हणजे मामला मिटला, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्याला थोडा शास्त्राधारही आहे. आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोडप्यांची मनगटे आणि घोटे एकमेकांना बांधून, हात किंवा दात न लावता एक लोडासारखी उशी सांभाळत, गाद्यांवरून अडथळा ओलांडून रांगायला लावले होते. सात मिनिटांच्या या हास्यास्पद खटाटोपानंतर त्यांचे परस्परांविषयीचे समाधान, नीरस काम दिलेल्या जोडप्यांच्या तुलनेत, वाढलेले आढळले. नावीन्याचा हा गुण मान्य करूनही मला असे वाटते की छंद जुळणे हा योग आहे, अट नव्हे; सोल्डरिंगचा धूर ज्याला आवडत नाही त्याला तो प्रेमाखातर हुंगायला लावणे हा जुलूमच होय.

अधिक मोलाची गोष्ट सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी दाखवून दिली. १९९० च्या सुमारास त्यांनी विद्यापीठाच्या आवारातच एक घरासारखी प्रयोगशाळा थाटली आणि १३० नवविवाहित जोडप्यांना तेथे एकेक दिवस नुसते राहू दिले. त्यांनी टिपली ती प्रेमाची भाषणे नव्हेत, तर ‘तो पक्षी पाहिलास का?’ यासारखी क्षुल्लक वाक्ये, ज्यांत माहिती नगण्य असते पण समोरच्याने क्षणभर आपल्याकडे वळावे एवढी मागणी असते. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र होती ती अशा हाकांपैकी शेकडा ८६ हाकांना वळून उत्तर देत असत. जी विभक्त झाली त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३३ होते. घटस्फोटाचे अचूक भाकीत करण्याच्या गॉटमन यांच्या दाव्यांवर, निकाल ठाऊक असलेल्या जोडप्यांवरूनच सूत्र बेतले, असा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो मला रास्त वाटतो. पण भाकीत बाजूला ठेवले तरी निरीक्षणाचे मोल उणे होत नाही.

याच विचाराची दुसरी बाजू शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ च्या संशोधनात सापडते. त्यांनी दुःखाऐवजी सुवार्तेला जोडीदार काय उत्तर देतो ते तपासले. समजा, गृहस्थ उत्साहाने बाहेर येऊन म्हणाला, ‘आज ब्राझील लागलं!’ आता पत्नी चार प्रकारे उत्तर देऊ शकते. ‘छान’ म्हणून ती मटार सोलत राहील. ‘त्यापायी संध्याकाळ गेली त्याचं काय?’ असे विचारील. ‘दूधवाल्याचं बिल दिलंत का?’ म्हणून विषयच उलथवील. किंवा मान वर करून ‘काय म्हणाला तो? तिकडे किती वाजलेत?’ असे विचारील. नाते सुखी असण्याशी संबंध आढळला तो केवळ चौथ्या प्रकाराचा. आश्चर्य म्हणजे पहिला, निरुपद्रवी वाटणारा ‘छान’ हा उरलेल्या दोहोंच्याच पंगतीत बसला. ब्राझीलमध्ये किती वाजले याच्याशी त्या माउलीचे काडीचेही देणेघेणे नसेना का, विचारणे पुरेसे असते.

आणि हा न्याय गृहस्थालाही लागू आहे, किंबहुना त्याला अधिक, कारण ऐकण्याची तालीम त्याने घेतलेली असते. खरखरीतून अक्षर-अक्षर वेचणे, न कळल्यास निःसंकोच पुन्हा विचारणे, ऐकलेले परत म्हणून खात्री करून घेणे, हा त्याचा नित्यधर्म. अर्थात तेथेही एक लबाडी रूढ आहे: संदेशाची स्पष्टता पाचांपैकी आणि जोर नऊपैकी सांगायचा असतो, पण स्पर्धेच्या धामधुमीत समोरच्याचे नाव तीनदा विचारूनही न कळलेला हॅम त्याला बिनदिक्कत ‘फाइव्ह-नाइन’ ठोकून देतो. पुढ्यात वर्तमानपत्र धरून पत्नीच्या बोलण्याला दिलेला हुंकार याच जातीचा, आणि तो बायकांना पहिल्याच हुंकाराला ओळखू येतो.

सध्या या घराण्यांना एक सवलत चालू आहे. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते आणि २०२४ मध्ये ते शिखरावर आल्याने दहा आणि पंधरा मीटरचे पट्टे भरदिवसा खुले झाले, त्यामुळे रविवारची दुपारही युरोपशी बोलण्यास चालू लागली. पण या भरतीला आता ओहोटी लागणारच. डाग कमी होतील तसतसे हे दिवसाचे पट्टे मुके होतील आणि मंडळी पुन्हा चाळीस-ऐंशी मीटरांकडे, म्हणजे संध्याकाळकडे आणि रात्रीकडे, परततील. तेव्हा स्वयंपाकाची आणि रेडिओची वेळ याबाबत ज्यांना घरात तहनामा करून घ्यायचा असेल त्यांनी तो या एक-दोन वर्षांतच उरकावा, आणि गॅसचे कलम त्यात पहिले घालावे.