पाठीवरचे छप्पर : उपनगरातील शाळकरी रेनकोटची घडण

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातील मुलांच्या पेहरावात बाह्यवस्त्र म्हणावे असे, म्हणजे नेहमीच्या कपड्यांवरून केवळ हवामानापासून बचावासाठी चढवायचे असे, एकच वस्त्र आहे आणि ते म्हणजे रेनकोट. येथील थंडी एखाद्या स्वेटरवर भागते. पाऊस मात्र तसा भागत नाही, कारण सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस नोंदला जातो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच पडतो. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते आणि शाळाही जूनच्या मध्यालाच उघडतात, त्यामुळे वह्या, दप्तर आणि रेनकोट यांची खरेदी एकाच फेरीत उरकते आणि गणवेशाच्या नियमात कोठेही न लिहिलेला हा कोट प्रत्यक्षात गणवेशाचाच भाग होऊन बसतो.

१९५० आणि १९५७ च्या विस्तारांत ही गावे टप्प्याटप्प्याने मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. त्यापूर्वी साष्टी बेटाचा हा भाग भातखाचरांचा होता आणि खाचरातील पावसाळी वस्त्र होते इरले. बांबूच्या कामट्यांची विरळ वीण करून तिच्या दोन थरांमध्ये पळसासारखी रुंद पाने दाबून बसवायची आणि तो सांगाडा डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकेल असा होडीसारखा वाकवायचा, ही त्याची रचना. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, ओणवे राहून दोन्ही हातांनी करावी लागते. छत्रीला तेथे हातच शिल्लक नसतो. इरले डोक्यावर टेकते आणि पाठीवर उतरते, पण अंगाला चिकटत नाही; खालून आणि बाजूंनी वारा खेळता राहतो. बांधावरच्या पोराला असे स्वतंत्र इरले मिळेलच असे नव्हते. गोणपाटाचे एक टोक दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ डोक्यावरून सोडली की त्याचा पावसाळा सुरू होई.

देशावर हीच खोळ घोंगडीची होत असे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी पाण्याला संपूर्ण अडवत नाही, पण लोकर बरीच ओल पोटात घेऊनही अंगाला फारशी ओली लागत नाही. याच गुणावर जर्मन भाषकांच्या आल्प्स प्रदेशातील लोडेन नावाचे कापड उभे आहे : विणलेले लोकरी कापड ओलेपणी मळून, चेपून इतके आटवायचे की धागे एकमेकांत गुंतून त्याचा दाट पोत तयार व्हावा. म्युनिकमध्ये १८४२ साली स्थापन झालेल्या फ्राय यांच्या पेढीने या कापडाला शहरात प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि १९०१ साली बर्लिनजवळच्या श्टेग्लित्स येथे वांडरफोगेल, म्हणजे ‘भटके पाखरू’, या नावाची मुलांची पदभ्रमण चळवळ सुरू झाली, तेव्हा तिच्या पोशाखातही लोडेनला स्थान मिळाले. मध्ये भोक पाडून डोक्यातून घालायचा, बाह्या नसलेला लोडेनचा झगा ‘कोत्से’ म्हणून ओळखला जातो; धनगराच्या खोळीचा तो दूरचा भाऊबंद म्हटला तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

रेनकोटचा वंश मात्र लोकरीचा नाही. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर कापडाच्या दोन थरांमध्ये भरण्याचे पेटंट घेतले. ते कापड उन्हात चिकट आणि थंडीत ताठ होई, आणि रबराला गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती १८४०च्या दशकात साधल्यावरच हा दोष आटोक्यात आला. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा पाया घातला, आणि ‘डकबॅक’ हे त्यांचे नाव रबरी कापडाच्या कोटाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडले गेले.

आजचा स्वस्त शाळकरी रेनकोट बहुतांशी पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो, आणि येथे जर्मनीचा संबंध थेट येतो. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनज्ञाला व्हिनाइल क्लोराइड वायू उन्हात राहिल्यावर काचपात्रात पांढरा घन पदार्थ साचलेला दिसला. १९१३ मध्ये ग्रीसहाइम येथील कारखान्यातील फ्रिट्झ क्लाट्टे यांनी त्याच्या निर्मितीचे पेटंट मिळवले, पण व्यवहारात त्याचा उपयोग न सुचल्याने ते पुढे सोडून देण्यात आले. हा कडक पदार्थ मऊ करण्याचे काम १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी केले. प्लास्टिकच्या पत्र्यावर सुई चालवली तर प्रत्येक टाक्याचे भोक गळते, म्हणून चांगल्या कोटाचे सांधे शिवत नाहीत, तर उच्च वारंवारतेच्या विद्युतलहरींनी तापवून आणि दाबून एकजीव करतात.

पाणी अडवण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला, परंतु उपनगरी मुलाची अडचण तेथे संपत नाही. युरोपातील पाऊस थंड असतो, म्हणून तेथील बंद कोट ऊबही देतो. जुलैच्या मुंबईत तापमान पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान आणि हवा दमट असते, त्यामुळे बाहेरचे पाणी अडले तरी आतला घाम कोंडतो, आणि शाळेत पोहोचलेला सदरा पावसाने भिजला की घामाने, हे आईला सांगता येत नाही. काखेत भोके आणि आत जाळीचे अस्तर हे त्यावरचे उपाय, दोन्ही अपुरे. वाढत्या अंगासाठी एक माप मोठा कोट घेण्याची घरोघरची रीत मात्र येथे आपसूक उपयोगी पडते, कारण सैल कोटात थोडी हवा फिरते.

खरा बदल घडवला दप्तराने. साध्या कोटावर दप्तर अडकवले तर ते भिजते. कोटाखाली घेतले तर कोट मागून उचलला जातो आणि चड्डीची मागची बाजू ओली होते. म्हणून पाठीवर जास्तीचे कापड जोडून दप्तरापुरता फुगा ठेवलेले रेनकोट बाजारात आले आणि रुजले. त्या फुग्यामुळे कोट पाठीपासून सुटतो, मधून वारा जातो, हात मोकळे राहतात आणि मुलाची आकृती मागून कासवासारखी दिसते. बांबू आणि पाने गेली असली तरी आकार इरल्याचाच आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी वरून येण्यापेक्षा खालून चढत होते, आणि पाठ झाकणाऱ्या कोणत्याही वस्त्राला त्यावर उत्तर नव्हते. एरवीच्या जुलैत शाळा सुटते, दप्तर घरी उतरते, आणि क्लासला पुन्हा निघालेल्या मुलाच्या पाठीवर तो फुगा रिकामा लोंबतो व वाऱ्याने भरतो.