धुकं, हेर आणि खरं ठरणारं स्वप्न : १९४५ चा ‘एस्केप इन द फॉग’ आजही का पाहावा?

रात्रीची वेळ, दाट धुकं. पुलाच्या कठड्यालगत एक तरुणी एकटीच चालतेय. टॅक्सी थांबते, दोघं जण तिसऱ्याच्या जिवावर उठतात. ती किंचाळते आणि जागी होते. किंकाळी ऐकून खोलीत धावून आलेल्यांत एक अनोळखी पुरुष असतो. आयुष्यात पहिल्यांदाच भेटतोय. पण आत्ता स्वप्नात ज्याचा जीव जात होता, तो हाच!

कोलंबिया स्टुडिओच्या ‘एस्केप इन द फॉग’ची ही सुरुवात. एप्रिल १९४५ मध्ये आलेला हा चित्रपट जेमतेम ६५ मिनिटांचा. युद्धाच्या धक्क्यातून सावरणारी नर्स आयलीन (नीना फॉश), सरकारी गुप्तहेर बॅरी (विल्यम राइट) आणि त्याच्याकडच्या गुप्त कागदांच्या मागावर असलेले जर्मन हेर. गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची, पूल गोल्डन गेटचा.

धुकं एवढं का?

हा ‘बी-पिक्चर’. म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायच्या काळातला दुसरा, स्वस्तातला. त्यात युद्ध. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने एका चित्रपटाच्या सेटसाठी नव्या सामानावर ५ हजार डॉलरची मर्यादा घातली होती. लाकूड, खिळे सगळं जपून. मग धुकं कामाला येतं. शाळेत शिकलेलं प्रकाशाचं विकिरण आठवा : धुक्यातल्या थेंबांवर प्रकाश विखुरतो, दिव्याभोवती वलय दिसतं आणि मागचं सगळं गडप होतं. मागे पूल असो वा नसो, कठडा आणि एक दिवा पुरतो. ‘फिल्म नॉयर’ हे नाव समीक्षक नीनो फ्रँक यांनी फ्रान्समध्ये वापरलं १९४६ साली. म्हणजे हा सिनेमा बनवणाऱ्यांना आपण ‘नॉयर’ करतोय याचा पत्ताच नव्हता!

स्वप्नाचं कारण चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. आम्हाला तेच आवडलं. घरचं माणूस आघाडीवर असलेल्या प्रेक्षकाला रात्री वाईट स्वप्न पडणं काय असतं, हे १९४५ मध्ये समजावून सांगावं लागलं नसणार. आयलीनची अडचणही तीच : बॅरीच्या जिवाला धोका आहे हे तिला ठाऊक आहे, पण पुरावा काय? फक्त एक स्वप्न. शेवटी ती स्वतःच पुलाकडे निघते.

त्यानंतर मात्र सिनेमा नेहमीच्या पाठलागाकडे वळतो आणि थोडा ढिला पडतो. अपवाद एका प्रसंगाचा. घड्याळजीच्या दुकानात कोंडून गॅस सोडलाय. सुटायचं कसं? बॅरी भिंगातून जपानच्या जयजयकाराचे शब्द उजेडात बाहेर पाडतो. आजूबाजूला चिनी वस्ती, आणि चीन तेव्हा जपानशी लढतोय. चिडलेले लोक खिडकीची काच फोडतात, हवा आत येते. अतर्क्य आहे, पण ‘जुगाड’ म्हणून पैकीच्या पैकी गुण!

श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचं नाव दिसेल ऑस्कर बेटिकर ज्युनिअर. हेच पुढे बड बेटिकर म्हणून ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’सारख्या वेस्टर्नपटांमुळे गाजले. आणि टॅक्सी चालवणाऱ्या मुलीकडे नीट बघा. नामावलीत नाव नसलेली ती शेली विंटर्स आहे. पुढे तिने दोन ऑस्कर जिंकले.