प्रार्थनेची पळवाट

इंग्लंडमधल्या एसेक्स भागात 'पिक्युलिअर पीपल' नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ मूळ धरून होता. कुणी आजारी पडलं की अंगाला तेल लावायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, डॉक्टरला मात्र बोलवायचं नाही, हा त्यांचा नेम. 1868 मध्ये या पंथातल्या एका जोडप्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. त्यांची चौदा महिन्यांची मुलगी फुप्फुसाच्या आजारानं गेली होती. आईबापांची माया आणि श्रद्धा दोन्ही खरी, असं दिसल्यानं ते सुटले. संसदेला हे रुचलं नसावं. त्याच वर्षी कायदा झाला आणि मुलाला वैद्यकीय मदत जाणूनबुजून न देणं हा गुन्हा ठरला. 1899 मध्ये याच पंथातल्या एका बापाची शिक्षा वरिष्ठ न्यायालयानं कायम केली.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली होती. डांग्या खोकल्यातून न्यूमोनिया झालेल्या मुलीला डॉक्टर न दाखवणाऱ्या बापाला न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं 1903 मध्ये दोषी मानलं. 1944 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्याच एका प्रकरणात निर्वाळा दिला: श्रद्धेपायी माणसानं स्वतः हुतात्मा व्हावं, पण मुलांना हुतात्मा करण्याचा हक्क त्याला नाही. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

मिटला नाही, आणि त्याला कारण खुद्द सरकार. 1974 मध्ये मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी केंद्रानं कायदा केला. त्याचे नियम करताना आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्यानं राज्यांना अट घातली: धर्मश्रद्धेपोटी औषधोपचार न करणाऱ्या पालकांना केवळ तेवढ्यावरून निष्काळजी ठरवू नये, अशी सूट तुमच्या कायद्यात असेल तरच अनुदान मिळेल. 'ख्रिश्चन सायन्स' हा पंथ अशा सवलतींसाठी पूर्वीपासून धडपडत होता आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे दोन बडे साहाय्यक, हाल्डमन आणि अर्लिकमन, त्याच पंथातले. अनुदानाचा पैसा कोण सोडणार? राज्यांनी भराभर सूट लिहून टाकली. मुलांच्या रक्षणाच्या कायद्यातूनच ही पळवाट निघावी, याला काय म्हणावं! 1983 मध्ये केंद्रानं अट मागे घेतली, पण राज्यांच्या कायद्यात शिरलेलं कलम तसंच राहिलं.

या पळवाटेविरुद्ध पहिली मोठी हाक आली ती पंथातूनच बाहेर पडलेल्या आईची. रीटा स्वॉन यांचं सोळा महिन्यांचं बाळ 1977 मध्ये मेंदूज्वरानं तापलं. पंथाचे प्रार्थक दिवसचे दिवस प्रार्थना करत राहिले. शेवटी हाड मोडलं असावं असा तर्क निघाला, आणि मोडलेलं हाड डॉक्टरकडून बसवून घ्यायला पंथाची मुभा होती. त्या मुभेच्या आधारानं बाळ दवाखान्यात पोहोचलं, तोवर फार उशीर झाला होता. स्वॉन यांनी पुढे संघटना उभारली. बालरोगतज्ज्ञ सेथ अॅसर यांच्यासह त्यांनी 1998 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: 1975 ते 1995 या काळात अशा 172 मुलांचे मृत्यू, त्यांपैकी 140 मुलांना उपचारांनी वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त होती.

न्यायालयांची कोंडी बॉस्टनमधल्या एका 'ख्रिश्चन सायन्स' जोडप्यावरच्या खटल्यात पुरती दिसते. 1986 मध्ये त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा आतड्याला अडथळा येऊन पाच दिवस तळमळून गेला. 1990 मध्ये ज्यूरीनं आईबापांना दोषी धरलं. 1993 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रार्थनेच्या सवलतीमुळे मनुष्यवधाचा खटला अडत नाही, तरीही शिक्षा रद्द केली. कारण पंथाच्या एका पुस्तिकेत महाधिवक्त्यांचं जुनं मत छापलं होतं. ते वाचून आपण कायद्याच्या चौकटीत आहोत, असा पालकांचा समज झाला असू शकतो आणि हा मुद्दा ज्यूरीपुढे यायला हवा होता, असं न्यायालयाचं म्हणणं. कायदा काय म्हणतो हेच धड कळत नसेल तर दोष कुणावर ठेवायचा? विधिमंडळानं त्याच वर्षअखेरीस सवलत काढून टाकली.

ऑरिगन राज्यात 'फॉलोअर्स ऑफ ख्राइस्ट' पंथाची स्वतःची दफनभूमी आहे. 1998 मध्ये 'द ऑरिगोनियन' दैनिकाच्या वार्ताहरांनी तिथल्या नोंदी तपासल्या. पुरलेल्या 78 मुलांपैकी किमान 21 जण उपचारांनी बहुधा वाचले असते, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी मधुमेहानं गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात जिल्ह्याच्या सरकारी वकील टेरी गस्टॅफसन यांना हात आखडता घ्यावा लागला, कारण कायदा आडवा येत होता. इन्शुलिन 1922 पासून माणसांना दिलं जातंय, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. 1999 मध्ये राज्यानं सूट बरीच छाटली, 2011 मध्ये उरलीसुरलीही काढली. त्याच वर्षी मुदतीआधी जन्मलेल्या बाळासाठी डॉक्टर न बोलावणाऱ्या जोडप्याला सव्वासहा वर्षांची कैद झाली.

विस्कॉन्सिननं मात्र सूट शाबूत ठेवूनही आईबापांना दोषी धरलं. तिथे एक मधुमेही मुलगी 2008 मध्ये उपचारांऐवजी प्रार्थनेवर विसंबल्यानं गेली. दोघांना सहा वर्षं दरवर्षी एक-एक महिना तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल उचलून धरला. प्रार्थना करणं हा गुन्हा नाही, पण मूल मरणाच्या दारात असताना मदत न मागणं हा आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

ऑरिगनच्या शेजारच्या आयडाहो राज्यातही 'फॉलोअर्स'चीच वस्ती आहे. तिथल्या विधिमंडळापुढे सूट काढण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. ते कलम आजही कायद्यात आहे.