504001 चे तुकडे पडत नाहीत

आदिलाबाद शहराचा पिनकोड 504001. टपालासाठी तो रोज कुणी ना कुणी लिहितो, पण त्याला भागून पाहायचं कुणाच्या मनात येत नाही. भागून पाहिलंत तर तो कशानंही जात नाही. ही मूळ संख्या आहे.

शेजारच्या 504000 चा मात्र चक्काचूर होतो: सहा वेळा 2, दोन वेळा 3, तीन वेळा 5 आणि एक 7. त्याला 168 विभाजक आहेत. त्यात फक्त एक मिळवला आणि विभाजक उरले दोन, 1 आणि ती संख्या स्वतः. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याला गेलात तर 445302 लागतो. तो 2, 3, 3, 11, 13 आणि 173 यांचा गुणाकार. (पिनकोडची ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. मूळ संख्यांचा विचार त्यांनी केला नसणार, हे उघड आहे.)

504001 मूळ आहे हे ठरवायचं कसं? तिचं वर्गमूळ 710 च्या किंचित अलीकडे येतं. एखादा अवयव असलाच तर त्यांतला धाकटा 710 च्या आतच सापडायला हवा. तिथवर मूळ संख्या 127. त्यांपैकी 2, 3, 5, 7 तर तपासायलाच नकोत, कारण 504000 ला त्या पुरत्या जातात आणि म्हणून 504001 ला भागलं की बाकी 1 उरणारच. राहिले 123 भागाकार. वही-पेन घेऊन बसलं तर एका दुपारचं काम. 701 नं भागलं तर बाकी 683, शेवटच्या 709 नं भागलं तर 611. संपलं.

संख्या बारा अंकी, म्हणजे आधार क्रमांकाएवढी केली की याच रीतीनं जास्तीत जास्त 78,498 भागाकार लागतात. माणूस थकेल, संगणकाला ते कळणारही नाही. इथवर सगळं आटोक्यात आहे.

आता त्याच आधारचं कुलूप पाहू. नोंदणी केंद्रावर आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या बोटांचे ठसे घेतले की ती माहिती 2048 बिटांच्या किल्लीनं बंद होते. ही किल्ली म्हणजे 617 अंकी संख्या, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही युक्ती काढली. गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, अवयव लपवायचे. कुलूप कुणीही लावावं, उघडावं ते अवयव माहीत असणाऱ्यानंच.

आपल्या दुपारच्या रीतीनं हे अवयव शोधायचे तर जितक्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, ती गणतीच 306 अंकी आहे. समजा, पृथ्वीवरच्या 800 कोटी माणसांना प्रत्येकी एक यंत्र दिलं आणि प्रत्येक यंत्रानं सेकंदाला एक लाख कोटी भागाकार केले. विश्व जन्मल्यापासून, म्हणजे 1380 कोटी वर्षं, ती अखंड चालली असती तर आजवरच्या भागाकारांचा आकडा 40 अंकी झाला असता. 306 पुढे 40. याला ‘सुरुवात झाली’ असंही म्हणता येत नाही. गंमत अशी की त्या दूरच्या पल्ल्यात साधारण 710 संख्यांमागे एक मूळ संख्या भेटते. पुन्हा 710! निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

मार्च 2018 मध्ये आधार प्राधिकरणाचे मुख्य अधिकारी सर्वोच्च न्यायालयात म्हणाले होते की, अशी एक किल्ली फोडायला विश्वाच्या वयाहून जास्त काळ लागेल. ऐकताना ही फुशारकी वाटते. भागाकाराच्या रीतीपुरता तर तो भिडस्त अंदाज आहे.

अर्थात गणिती इतक्या भोळ्या रीतीनं जात नाहीत. चतुर रीतींनी फेब्रुवारी 2020 मध्ये 250 अंकी संख्या फुटली. एकच प्रोसेसर-गाभा वापरला असता तर त्याला सुमारे 2,700 वर्षं लागली असती, एवढं ते काम होतं. 617 अंकी अजून शाबूत आहे. पीटर शोर यांनी 1994 मध्येच क्वांटम संगणकासाठी अवयव झटपट पाडायची रीत लिहून ठेवली, पण तेवढं मोठं यंत्र अजून कुणी बांधलेलं नाही. तरी ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं नव्या कुलपांचे आराखडे जाहीर केले. त्यांत मूळ अवयवांवर काहीच टांगलेलं नाही.