बंद दिव्याचे वीजबिल

वायफायवर चालणारे घरगुती उपकरण बंद केले तरी पुरते बंद होत नाही. मोबाइलवरून हुकूम कधी येईल याचा नेम नसल्याने त्यातला रेडिओ जागा असतो आणि या जागरणाची वीज मीटरवर चढते. स्मार्ट उपकरणाने वीज वाचते की नाही, हे बरेचसे या जागरणावर ठरते.

९ वॅटचा एलईडी बल्ब रोज तीन तास लागला, तर उजेडाला २७ वॅट-तास वीज लागते. उरलेले २१ तास रेडिओने अर्धा वॅट घेतला, तर साडेदहा वॅट-तासांची भर पडते. पाहुण्यांच्या खोलीत दिवा रोज तासभरच लागत असेल, तर उजेडाला ९ आणि नुसत्या वाट पाहण्याला साडेअकरा! अशा जागी साधा बल्ब आणि भिंतीवरचे बटणच बरे.

जागरण कमी करण्याच्या युक्त्या वायफायमध्येच आहेत. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘बीकन’ नावाचा छोटा संदेश सोडतो. उपकरण मधल्या वेळात झोपते, बीकनपुरते उठते, आपल्यासाठी निरोप आहे का ते पाहते आणि पुन्हा झोपते. काही बीकन चुकवले तर वीज आणखी वाचते. मात्र हुकुमाला प्रतिसाद थोडा उशिरा मिळतो. ‘वायफाय ६’मध्ये उठण्याची वेळ राउटर आणि उपकरण आधीच ठरवून घेऊ शकतात, पण त्यासाठी दोघांतही ती सोय हवी.

बेंगळुरूच्या कोरमंगला भागासारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटरही आड येतात. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन. संदेशांची टक्कर झाली की ते पुन्हा पाठवावे लागतात आणि रेडिओ जास्त वेळ जागा राहतो. दारावरच्या सेन्सरसाठी झिगबी ही कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत सोयीची: सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असल्याने बटणाएवढ्या सेलवर वर्षभरही चालू शकतो. झिगबीला लागणारा हब मात्र अखंड वीज घेतो. एकदोन उपकरणांसाठी तो बसवण्यात अर्थ नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत एसीची गरज मुंबई-नागपूरपेक्षा कमी. इथे बचतीसाठी पंखा आणि गीझर महत्त्वाचे. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ साली स्थापन केलेल्या अ‍ॅटमबर्गने लोकप्रिय केलेला बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा पूर्ण वेगात सुमारे २८ वॅट घेतो, जुना पंखा ७५च्या आसपास. रोज बारा तासांच्या वापरात वर्षाला सुमारे २०० युनिट वाचतात; रेडिओने सतत एक वॅट खाल्ला तरी वर्षाचे नऊ युनिटही होत नाहीत. अर्थात ही करामत मोटरची, अ‍ॅपची नव्हे.

गीझरचे श्रेय मात्र टायमरला देता येते. चालू राहून गेलेला गीझर निवणारे पाणी दिवसभर पुन:पुन्हा तापवत बसतो; वेळ लावून दिली की ते टळते. दोन किलोवॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, म्हणून टायमरचा प्लग १६ अँपिअरचाच घ्यावा.

कर्नाटकात २०२३ पासून लागू झालेल्या मोफत विजेच्या ‘गृहज्योती’ योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांपुढे गेला की पूर्ण बिल भरावे लागते. या मर्यादेच्या काठावरच्या घराला एका पंख्यामुळे महिन्याला वाचणारे १६-१७ युनिट फार मोलाचे ठरतात.