वेरूळच्या गिलाव्यातली भांग

वेरूळला गेलेला माणूस कैलास पाहतो, दमतो आणि उसाच्या रसाच्या गाडीकडे वळतो. सहल बहुधा तिथेच संपते. बाराव्या लेण्याच्या, म्हणजे ‘तीन ताल’च्या, पायऱ्या चढून वरच्या मजल्यापर्यंत जाणारे त्या मानाने थोडेच. लेणे म्हणजे उघडा काळा पाषाण, अशी आपली समजूत झालेली असते. पण ही लेणी एकेकाळी आतून लिंपलेली आणि रंगवलेली होती. कैलासाला ‘रंगमहाल’ हे नाव उगीच पडलेले नाही. त्या लिंपणाचे, शुद्ध मराठीत गिलाव्याचे, तुकडे अजूनही कुठे कुठे दगडाला धरून आहेत. छायाचित्रात ते येत नाहीत आणि गाइडही त्यांच्यापाशी थांबत नाही. पण २०१६ साली या गिलाव्याच्या चिमूटभर मातीने वेरूळला जगभरच्या वर्तमानपत्रांत नेले.

त्या वर्षी ‘करंट सायन्स’ या आपल्याकडच्या नामवंत विज्ञानपत्रिकेत एक निबंध आला. लेखक दोघे. एक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या इथल्या विज्ञान शाखेत रसायनज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंह, दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले डॉ. मिलिंद सरदेसाई. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले आहेत आणि हा गिलावा इतकी शतके कीड न लागता टिकला, त्यात या झाडाचा वाटा मोठा आहे.

भांग म्हटले की आपल्याकडे होळी आठवते आणि माणूस मिश्कील हसतो. बातमी छापून आली तेव्हाही ‘भिक्खू काय करत होते?’ छापाचे विनोद झालेच. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. नशा असते ती या झाडाच्या मादी फुलोऱ्यात. गिलाव्याला हवा असतो तो देठा-खोडाचा धागा, आणि त्यात नशेचे नाव नसते.

मातीत धागा का घालायचा, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना समजावून सांगण्याची गरज नाही. माळवदाच्या घरात वाढलेल्यांनी भिंत लिंपण्यासाठी माती मळताना पाहिलेली असते. नुसती माती वाळली की तडकते. म्हणून तिच्यात गव्हाचा भुसा, भाताचे तूस, चिरलेले गवत, शेण असे काहीबाही घालून ती पायाने तुडवायची आणि मुरू द्यायची. आतले धागे मातीला धरून ठेवतात. लेणी लिंपणाऱ्या कारागिरांचे शास्त्र यापेक्षा निराळे नव्हते. फरक एवढाच, की आपल्या आजीची भिंत दर सणाला पोतेऱ्याने नवी होत असे आणि त्यांच्या भिंतीला पुढे कोणी हात लावणार नव्हते.

आता खरी अडचण. मातीत सापडलेला हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा धागा भांगेचाच, हे ओळखायचे कसे? आपल्या भागात धागा देणारी झाडे पुष्कळ. ताग आहे, अंबाडी आहे. सुटा धागा हातात दिला तर दोर वळण्यात आयुष्य घालवलेला माणूसही क्षणभर थबकेल. इथे रसायनज्ञाला वनस्पतिशास्त्रज्ञाची गरज लागली, आणि मला या संशोधनातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बाराव्या लेण्यातल्या गिलाव्याचे नमुने घेतले. त्यातले वनस्पतीचे कण अलग करून सूक्ष्मदर्शकाखाली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांच्यावर अवरक्त किरण टाकून ते कोणत्या लहरी शोषतात याची नोंद घेतली. प्रत्येक पदार्थाची ही नोंद निराळी येते. अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. पण ठसा जुळवायला दुसरा ठसा हवा. त्यासाठी आजच्या भांगेच्या झाडांचे नमुने जालन्याच्या आणि दिल्लीच्या परिसरातून गोळा केले गेले. जुने आणि नवे जुळले. गिलाव्यात या झाडाचे प्रमाण सुमारे १० टक्के निघाले.

याच विद्यापीठात डॉ. वि. ना. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींची दोन खंडांची नोंद सिद्ध केली. १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रानोमाळ हिंडून, झाडे दाबून-वाळवून, कागदावर चिकटवून त्यांना नावे लावायची हे काम बाहेरून कंटाळवाणे दिसते. याचा उपयोग काय, असे विचारणारे घरोघरी असतात. लेण्यातला एक धागा ओळखण्यासाठी अशीच नजर लागते आणि ती एका दिवसात तयार होत नाही, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

निबंधाला धार आली ती अजिंठ्याशी केलेल्या तुलनेमुळे. अजिंठ्याची चित्रेही मातीच्या गिलाव्यावरच आहेत. पण तिथल्या मातीत भाताचे तूस, गवत, इतर वनस्पतींचे धागे मिळतात. भांग मिळत नाही. आणि तूस-गवत हे किड्यांचे अन्न. कसर आणि तिचे भाईबंद गिलावा आतून पोखरतात, वरचा रंगाचा पापुद्रा अधांतरी राहतो आणि एके दिवशी गळून पडतो. अजिंठ्याच्या चित्रांपैकी किमान पाव हिस्सा किडीने बाधित झाला, असे सिंह यांचे म्हणणे. वेरूळला मात्र असा किडीचा उपद्रव आढळला नाही. बाराव्या शतकात यादवांनी उभारलेल्या देवगिरीच्या बांधकामातही हाच धागा सापडल्याचे ते सांगतात. म्हणजे ही एखाद्या कारागिराची लहर नसावी, या मुलखातली रीतच असावी.

इथे थोडे थांबायला हवे. अजिंठा आणि वेरूळ ही काही एका साच्यातली भावंडे नव्हेत. अजिंठा वाघूर नदीच्या नालाकृती घळीत आहे. पावसाळ्यात तिथे कड्यावरून पाणी झिरपते, वटवाघळांचा वावर, हवा कोंडलेली. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून उघड्या उतारावर बसली आहेत. ऊन-वारा आत येतो. काळही वेगळा. अजिंठ्याचे काम पाचव्या शतकाअखेर बहुतेक संपले, वेरूळचे त्यानंतर सुरू झाले. त्यामुळे किडीचा सगळा हिशेब एका झाडाच्या नावावर मांडणे मला घाईचे वाटते. कारागिरांनी किडीसाठीच भांग घातली, की चिवट धागा हाताशी होता म्हणून घातली आणि कीड आपोआप दूर राहिली, हेही मातीवरून कळत नाही. मात्र अजिंठ्यात कीड लागून कळलेली चूक पुढच्या पिढीने वेरूळला सुधारली, ही कल्पना मोहात पाडणारी आहे खरी.

भांगेचा धागा मातीत वा चुन्यात मिसळला की आणखीही गुण येतात. तो हवेतला दमटपणा शोषतो आणि कोरड्या दिवसांत सोडून देतो. उष्णता धरून ठेवतो, आग लवकर पकडत नाही, आवाज गिळतो. ध्यानाला बसणाऱ्यांच्या निवासाला याहून काय हवे! फ्रान्समध्ये आणि युरोपात इतरत्र आज चुना आणि भांगेच्या खोडाचा भुगा मिसळून घरांच्या भिंती उभारतात. अशा बांधकामाचे आयुष्य सहाशे ते आठशे वर्षे धरावे, असे तिकडच्या अभ्यासकांनी म्हटले होते. वेरूळने तो अंदाज जवळपास दुप्पट केला.

किडीखेरीज या चित्रांना दुसरा धोका आहे, तो आपला. माणूस नुसता उभा राहिला तरी श्वासातून आणि अंगातून तासाला ५० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ सोडतो, शिवाय कार्बन डायऑक्साइड. बंद लेण्यात हे दोन्ही भिंतीवर बसतात. ओलावा किड्याला आणि बुरशीला मानवतो. म्हणूनच अजिंठ्याच्या मुख्य चित्रलेण्यांत एका वेळी ४० जणांनाच आणि तेही १५ मिनिटांपुरतेच सोडण्याचा नियम आहे. सुट्टीच्या दिवशी तो कितपत पाळला जातो हे रांगेत उभ्या राहिलेल्यांना ठाऊक आहे. ‘एवढ्या लांबून आलोय’ हे वाक्य पहारेकऱ्याला दिवसातून किती वेळा ऐकावे लागत असेल! फ्रान्सने लास्को गुहेच्या बाबतीत हा वाद १९६३ मध्येच संपवला. प्रेक्षकांच्या श्वासाने चित्रे बिघडू लागलेली दिसताच गुहा बंद केली आणि १९८३ मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उघडली. आपणही अजिंठ्याच्या पायथ्याशी चार लेण्यांच्या प्रतिकृती असलेले केंद्र २०१३ मध्ये सुरू केले. पुढे काही वर्षांतच वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी त्याला टाळे लागले. त्यावर वेगळे काय बोलायचे?

जुन्या गिलाव्याची डागडुजी जुन्याच मालाने करावी, असे संवर्धनशास्त्र सांगते. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे रोगण दिले होते. ते पुढे पिवळे पडले आणि ते काढण्यात रसायनज्ञांची कित्येक वर्षे गेली. तेव्हा वेरूळला उद्या भांगेचा धागा लागलाच, तर आणायचा कुठून? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या झाडाची लागवड परवान्याशिवाय करता येत नाही. धागा आणि बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि उत्तराखंडाने तिचा उपयोगही केला आहे.

त्याआधी एक साधा प्रयोग होण्यासारखा आहे. चार हात लांबीच्या दोन कच्च्या भिंती; एकीच्या लिंपणात तूस, दुसरीच्या लिंपणात भांगेचा धागा, माती एकाच खाणीतली. वाळवी आणि कसर भरपूर असलेली जागा निवडायची आणि चार-पाच पावसाळे जाऊ द्यायचे. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. त्यांच्या पायथ्याला अशा दोन भिंतींपुरती जागा सहज निघेल.