वेष्टनावरील बारीक अक्षरे

भिलाईसारख्या कारखान्याच्या नगरात पाळीची नोकरी करणाऱ्यांना तयार कबाब, सॉसेज किंवा नगेट्सची पाकिटे सोयीची वाटतात. तळले की जेवण तयार! परंतु त्या पाकिटात मांस किती आणि मांसाखेरीज काय काय आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

मांस-मासळी टिकवण्याची कला जुनीच आहे. कोकणात मासळी खारवून सुकवतात. गोव्यात मीठ, व्हिनेगर व मिरची लावून डुकराच्या मांसाचे चोरीस करतात. कारखान्यात मात्र आणखी दोन प्रकारचे पदार्थ मिसळले जातात. पहिला प्रकार भरावाचा. बारीक केलेल्या मांसात स्टार्च, ब्रेडचा चुरा किंवा सोयाबीनची प्रथिने घातली की मिश्रण बांधले जाते, त्यात पाणी टिकते आणि खर्चही कमी होतो. दुसरा प्रकार परिरक्षकांचा, म्हणजे पदार्थ टिकवणाऱ्या द्रव्यांचा. सोडियम नायट्राइटमुळे मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली जाते.

मग चिंता कशाची? नायट्राइटपासून नायट्रोसामाइन ही कर्करोगास कारण ठरणारी संयुगे तयार होऊ शकतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. शिवाय अशा पदार्थांत मीठ पुष्कळ असते. रक्तदाबाच्या रुग्णांना ते अपायकारक ठरते.

भराव हे विष नव्हे. पण तो लपवला तर ग्राहक मांसाच्या भावाने पीठ विकत घेतो. सोयाबीन किंवा गहू न सोसणाऱ्या व्यक्तीच्या तर जिवावरही बेतू शकते.

म्हणूनच अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालील नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. वजनाने सर्वांत अधिक असलेला घटक प्रथम येतो. मिसळलेली द्रव्ये नावाने किंवा क्रमांकाने दर्शवतात. २५० हा सोडियम नायट्राइटचा क्रमांक होय. ही यादी इंग्रजीत वा हिंदीत असते. पाकीट घेण्यापूर्वी ती वाचा. यादी नसेल तर ते घेऊ नका आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करा. आपण शिकलेली अक्षरे येथे आपल्या कुटुंबाच्या आरोग्याचे रक्षण करतात.